विहिरीवरची मोटर बॅटरीवर का चालत नाही?

आमच्या पुसेगावकडे (जि. हिंगोली) गेलात तर एक प्रश्न हमखास विचारला जातो. "इंजिनिअरिंगला आहेस ना? मग घरच्या इन्व्हर्टरवर पंखा चालतो, तशी विहिरीवरची मोटर का चालत नाही?" रात्री-अपरात्री लाईट येणार म्हणून अंधारात दारं धरायला जाणाऱ्या माणसाचा हा प्रश्न आहे. त्याला हसून चालणार नाही, गणित करून उत्तर द्यायला हवं.

इन्व्हर्टरची बॅटरी साधारण १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर. गुणाकार केला की १.८ युनिट. ती पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून हाती येतात जेमतेम दीड युनिट. ५ एचपीची मोटर तासाला साडेचार युनिट तरी खाते. म्हणजे वीस मिनिटांत खेळ खलास! तेही कागदावर, कारण १२ व्होल्टला जवळजवळ ३७५ अँपिअर ओढावे लागतील आणि एवढ्या ओढीला ही बॅटरी दीड युनिटसुद्धा देत नाही. आठ तासांसाठी अशा पंचवीसेक बॅटऱ्या लागतील, आणि एकेकीचं वजन पन्नास किलोच्या आसपास.

एवढं वजन कशाचं? शिशाचं. १८५९ साली गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे एकमेकांना चिकटू न देता गुंडाळले आणि सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवले. व्होल्टाची १८०० सालची बॅटरी एकदा संपली की संपली, प्लांतेची मात्र पुन्हा चार्ज होत होती. १८८१ मध्ये कामिय फोरने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साईडचा लेप दिला, क्षमता वाढली आणि कारखाने निघाले. आपल्या ट्रॅक्टरखालची बॅटरी आजही याच घराण्यातली. डिस्चार्ज होताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं, ॲसिड पातळ होतं, चार्जिंगला उलट. बॅटरी रिकामीच ठेवून दिली की हे सल्फेट कडक होतं आणि मग ती चार्ज घेत नाही. मेकॅनिक ज्याला "बॅटरी बसली" म्हणतो ते बहुतेक वेळा हेच.

शिशाहून हलकं हवं म्हणून लिथियम. १९८० साली गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साईडचा कॅथोड शोधला, १९८५ मध्ये योशिनो यांनी सुरक्षित बॅटरी बनवली, १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. गुडइनफ यांना नोबेल मिळालं २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी! (सबमिशनला उशीर झाला की हे आठवावं.) तेवढीच वीज साठवायला लिथियम बॅटरीचं वजन शिशाच्या निम्म्याहून कमी भरतं. पण लिथियम महाग, आणि आपल्याला मुख्यतः बाहेरून आणावं लागतं.

म्हणून मला सोडियमचं जास्त कौतुक वाटतं. ते मिठातच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटीने आयसर पुणेच्या साथीने विकसित केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं. सोडियमचा अणू लिथियमपेक्षा मोठा आणि जड, त्यामुळे बॅटरी थोडी अवजड होते. गाडीला ते खटकेल, पण विहिरीवरच्या खोलीत ठेवायच्या बॅटरीला वजनाचं काय?

तोवर सौर पंपवाल्यांनी वेगळीच वाट काढली आहे. बॅटरीच ठेवायची नाही. ऊन आहे तोवर पाणी उपसायचं, आणि साठवायचंच असेल तर वीज नाही, पाणी साठवायचं, टाकीत किंवा शेततळ्यात. पुसेगावात मी सध्या हेच उत्तर देतो.