बाप्तिस्म्यानंतरची एकट्याची वाट
वाचन : प्रेषितांचीं कृत्यें ८:२६-४०

कूशी लोकांच्या राणीचा खजिनदार यरुशलेमेस भजन करून गज्जाच्या रस्त्यानें रथांत परत चालला होता. तो यशयाचा ग्रंथ मोठ्यानें वाचीत होता, परंतु अर्थ उमगेना. फिलिप्प सुवार्तिकानें त्याच वचनापासून आरंभ करून त्यास येशूविषयीं सांगितलें. वाटेंत पाणी लागलें. तेथेंच त्याचा बाप्तिस्मा झाला. लागलाच प्रभूच्या आत्म्यानें फिलिप्पास दुसरीकडे नेलें. आतां जवळ ना गुरु, ना मंडळी. तरी आनंदानेंच तो मार्गस्थ झाला.

प्रिय बंधुभगिनींनो, ज्या गांवांत ख्रिस्ती घर एकच आहे, तेथील नव्या विश्वासी मनुष्यानें हें मनांत धरावें. उपदेशक येतो तो कधीं पंधरवड्यानें, कधीं महिन्यानें. मधल्या दिवसांत भाऊबंद बोलेनासे होतात, आणि आपला विश्वास खरा कीं खोटा, अशी शंका मनास ग्रासते. परंतु विश्वासाचा पाया उपदेशक नव्हे, प्रभु आहे.

पहिलीं पावलें तीन :

१. रोज थोडें वचन वाचावें. वाचतां येत नसेल तर मुलाकडून वाचवून घ्यावें व एक ओळ पाठ करावी.

२. न समजलेलें विचारण्यास लाजूं नये. तो मोठा अधिकारीही लाजला नाहीं.

३. अबोला धरणाऱ्यांचीं नांवें घेऊन प्रार्थना करावी.

उपदेशक बंधूंनो, फिलिप्पानें त्या मनुष्यास स्वतःशीं नव्हे, ख्रिस्ताशीं जोडलें. आपण कोणाशीं जोडतों?