संप कशास म्हणावे?

डिसेंबर 1980 च्या अखेरीस बंगळूर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स, हिंदुस्थान मशीन टूल्स, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज आणि भारत अर्थ मूव्हर्स या सरकारी कंपन्यांत काम थांबले. भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या बरोबरीने वेतन मिळावे, ही मागणी होती. बाहेरगावचे कारखाने धरून सुमारे सव्वा लाख कामगारांचा हा लढा 77 दिवस चालला. तो संप होता, याविषयी कोणालाच शंका नव्हती.

परंतु प्रत्येक वेळी प्रश्न इतका सरळ नसतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने संपाची जी व्याख्या केली, तिच्यात ‘कामगार संघटना’ हा शब्दच आढळत नाही, ही गोष्ट वाचकाने ध्यानात घ्यावी. एकत्रितपणे काम बंद करणे, किंवा परस्परांच्या समजुतीने काम करण्यास नकार देणे, एवढेच तीत अभिप्रेत आहे. मग फाटक उघडे असो वा बंद, घोषणा होवोत वा न होवोत. पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात कर्मचारी आपापल्या जागी बसून राहिले, मात्र त्यांनी लेखणी खाली ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये तोही संपच ठरवला. नोव्हेंबर 2020 मध्ये बंगळूरजवळ बिडदी येथील टोयोटा किर्लोस्कर कारखान्यात कामगारांनी ठिय्या दिला, तेव्हा व्यवस्थापनाने तो बेकायदा संप म्हणून टाळेबंदी पुकारली.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. त्यावर पगार अवलंबून असतो. बँक ऑफ इंडियाच्या कर्मचाऱ्यांनी 1977 मध्ये चार तासांचा संप केला. बँकेने पूर्ण दिवसाचे वेतन कापले आणि 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कपात योग्य ठरवली.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. पूर्वी संपाची पूर्वसूचना फक्त लोकोपयोगी सेवांपुरती सक्तीची होती. आता ती सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू असून सूचनेनंतर 14 दिवस थांबावे लागते. शिवाय एकाच दिवशी निम्म्या किंवा अधिक कामगारांनी मिळून नैमित्तिक रजा घेतल्यास तोही संप ठरतो. हजार कामगारांच्या कारखान्यात पाचशे जण अशा रजेवर गेले, तर संख्याच पुरेशी होते. चारशे नव्याण्णव गेले, तर त्यांचे आपसांत ठरले होते काय, हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो.