सातबाऱ्यावर मायलेकींची नावे हवीत

पुण्याच्या कसबा पेठेशी आपल्या शेती व्यवसायाची एक आठवण जोडलेली आहे. उजाड झालेल्या या कसब्यात जिजाऊंनी बाल शिवबांच्या हातून सोन्याच्या फाळाचा नांगर फिरविला, असे परंपरा सांगते. ओसाड जमीन पुन्हा वहितीखाली आणण्यास एका आईने सुरुवात केली. आज मात्र पेरणीपासून मळणीपर्यंत राबणाऱ्या बाईचे नाव बहुतेक घरांत सातबाऱ्यावर नसते.

घरधनी अचानक गेला आणि वारसनोंद लांबली, की पत्नीला पीककर्ज मिळणे अवघड होते. अनुदान अडते. ती सावकाराचे दार गाठते किंवा मजुरीला जाते. धाकट्यांना सांभाळण्यासाठी मुलीची शाळा सुटते, लग्न लवकर उरकले जाते आणि आईची गरिबी लेकीच्या पदरी पडते. हे टाळण्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१) पत्नीचे नाव : शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम गावोगाव नेला. त्यानंतर १९९२ मध्ये शासनाने परिपत्रक काढले. पतीने स्वखुशीने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. तलाठ्याकडे चौकशी करावी.

२) वारसनोंद : खातेदाराच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी. वारसांत पत्नी व मुलींची नावे न चुकता लिहावीत.

३) मुलीचा हिस्सा : हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. लग्न झाले म्हणून तो जात नाही.

४) हक्कसोडपत्र : माहेर तुटेल या भीतीने बहिणी सही करतात. नोंदणी झाल्यावर ते फिरविणे कठीण असते. म्हणून कागद वाचून, समजून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये. भावांनीही आग्रह धरू नये.

५) लेक लाडकी योजना : १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी, पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या पात्र कुटुंबास टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये मिळतात. त्यांपैकी ७५,००० रुपये अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मिळतात. अर्जासाठी अंगणवाडी सेविकेस भेटावे.

नांगर धरणाऱ्या हाताइतकाच खुरपे धरणारा हातही शेताचा धनी आहे. या हंगामाच्या पेरणीपूर्वी आपला सातबारा काढून पाहा. त्यावर घरातील बाईचे नाव आहे काय?