शाळेतील यंत्र आणि मुख्याध्यापकाची नजर

शाळेला संगणक मिळाला, भिंतीवर मोठा टी.व्ही. लागला, सरपंचांच्या हस्ते फीत कापली गेली, की आता मुले शिकतील असे गावाला वाटू लागते. हा समज खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. तो अपुरा आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे. आमचा व्यवसाय शिक्षकाचा नसून बँकेतील कारकुनाचा आहे. परंतु आपल्या वस्त्यांतील पुष्कळ मुले आजही जिल्हा परिषद व नगर परिषदेच्या शाळांत शिकतात, आणि त्या शाळांचे बरे-वाईट पाहणे हे आपलेही काम आहे. म्हणून सभासद व विद्यार्थ्यांच्या विचारार्थ हा विषय मांडत आहोत.

साधने शाळेत येणे ही गोष्ट नवी नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम सुरू झाली व प्राथमिक शाळांना विज्ञानपेटी, गणितपेटी, नकाशे मिळाले. त्याआधी १९८४ मध्ये पुण्याला बालचित्रवाणी ही संस्था निघाली व मुलांसाठी दूरदर्शनचे कार्यक्रम तयार करू लागली. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. गणितपेटीचे काय झाले, हे त्या काळात शिकलेल्यांना विचारावे. मोडतोड झाली तर भरपाई कोणी द्यायची, या धास्तीने ती कितीतरी शाळांतून कपाटातच राहिली. कपाटाची किल्ली ज्याच्या हाती, तो काय ठरवतो यावर सारे अवलंबून होते व आजही आहे.

जून २०१५ मध्ये शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम हाती घेतला. त्या लाटेत गावोगावी लोकवर्गणी गोळा होऊन शाळा 'डिजिटल' झाल्या. मात्र त्याच काळात ज्या सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचे काम पाहायला राज्यभरचे शिक्षक जात होते, तेथे विजेवर चालणारे फारसे काही नव्हते. फरशीवर आखलेली चित्रे व अंक, खडे, काड्या, बिया, आणि प्रत्येक मूल कोठे अडले आहे हे पाहणाऱ्या शिक्षकांना हुरूप देणाऱ्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे, एवढेच भांडवल होते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. धारणी तालुक्यातील हरिसाल हे मेळघाटातले गाव २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या सहकार्याने देशातील पहिले डिजिटल गाव म्हणून पुढे आले. दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट, दवाखान्याला शहरातील डॉक्टरांचा सल्ला, शाळेत पडद्यावरचे धडे, असा तो बेत होता. २०१९ च्या लोकसभा प्रचारात त्यावर बराच वादही झडला. त्या वादात आम्हाला पडायचे नाही. आमचा प्रश्न वेगळाच आहे. मेळघाटातील पुष्कळ मुले घरी कोरकू बोलतात. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. पहिलीतल्या लेकराला मराठीच समजत नसेल, तर फळ्यावरची मराठी आणि पडद्यावरची मराठी त्याला सारखीच. मग पडदा कितीही मोठा असो. तेथे आधी कोरकू शब्दांचा आधार देणारा शिक्षक हवा, आणि तसे करू देणारा, किंबहुना करायला लावणारा मुख्याध्यापक हवा.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला व त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची त्यांची कल्पना पुढे राज्यभर स्वीकारली गेली. आज बालभारतीच्या पुस्तकावरील तो चौकोन मोबाईलने टिपला की 'दीक्षा' या ॲपवरील पाठ उघडतो. (नाव आपल्याला जवळचे वाटेल, पण ॲप केंद्र शासनाचे आहे, २०१७ चे.) वृत्तपत्रांनी यातला कोड तेवढा उचलला. डिसले गुरुजी त्या गावी गेले तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती, शेजारी जनावरांचा गोठा होता, मुली शाळेत येत नव्हत्या. आधी मुलींना शाळेत आणणे, पालकांशी बोलणे, पुस्तक मुलांच्या बोलीत उतरवणे, आणि मग कोड, असा तो क्रम होता.

परदेशातील एक अनुभव याला पुष्टी देतो. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने मुलांना लक्षावधी लॅपटॉप वाटले. ग्रामीण भागातील ३१९ शाळांची पाहणी झाली व २०१२ मध्ये निष्कर्ष आले. सुमारे सव्वा वर्ष उलटूनही गणितात व भाषेत काही फरक पडला नव्हता. उलट दिल्लीत शाळेबाहेरच्या वर्गांत असा एक संगणकीय कार्यक्रम वापरला गेला, जो मुलाची इयत्ता न पाहता त्याला खरोखर काय येते ते तपासून तेथून शिकवतो. साडेचार महिन्यांत मुलांची गणितात व हिंदीत स्पष्ट प्रगती दिसली, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. यंत्र दोन्हीकडे होते. फरक पडला तो मूल कोठे उभे आहे हे आधी पाहण्याने.

आमच्या बँकेत शाखा संगणकाने जोडल्या गेल्या, तेव्हा यंत्रे सगळीकडे सारखीच आली. जेथे व्यवस्थापक स्वतः काउंटरवर बसून शिकले तेथे रांग लवकर सरू लागली. जेथे केबिनमधून 'करून घ्या' एवढाच हुकूम निघाला, तेथे वर्षभर वहीही चालू आणि संगणकही चालू.

पण शाळेत हा 'व्यवस्थापक' असतो तरी कोठे? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेहून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. वऱ्हाडातील लहान खेड्यांत एवढा पट कोठून येणार? तेव्हा दोनपैकी एक शिक्षक प्रभारी होतो. तो दोन वर्ग शिकवतो, पोषण आहाराची रोजची नोंद ॲपवर भरतो, 'सरल' व 'यू-डायस'ची माहिती चढवतो, बैठकांना जातो. म्हणजे शाळेत तंत्रज्ञानाचा सर्वात जास्त वापर होतो तो वरिष्ठांना माहिती कळवण्यासाठी. मुलाच्या पाटीपर्यंत ते पोहोचायला त्याच्याजवळ वेळच उरत नाही. मुख्याध्यापकांना दोष देण्यापूर्वी ही अडचण आपण समजून घेतली पाहिजे.

तरीही करता येते. समजा बार्शीटाकळी किंवा चांदूर रेल्वे तालुक्यातील दोन शिक्षकी शाळा आहे, टी.व्ही. एकच आहे. सोमवारी तिसरी-चौथीच्या मुलांना पाटीवर ५२ वजा २७ यासारखी पाच उदाहरणे द्यावीत. काही मुले ३५ लिहितील, कारण मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा एवढेच त्यांना कळले आहे. काहींना ५२ मधला ५ म्हणजे पन्नास हेच ठाऊक नसेल. काहींचे उत्तर २५ येईल. असे तीन गट पडले. दशकाचा गठ्ठा सोडून दहा सुटे करण्याचा पाच मिनिटांचा पाठ पडद्यावर दाखवायचा तो ३५ लिहिणाऱ्यांना, तोही मध्येच थांबवून 'आता पुढे काय होईल?' असे विचारत. दुसऱ्या गटाच्या हाती पडदा नको, काड्यांचे गठ्ठे द्यावेत. तिसऱ्याने बाजारहाटाची उदाहरणे स्वतः तयार करावीत. शुक्रवारी आकडे बदलून तीच पाच उदाहरणे पुन्हा द्यावीत. वीज गेली तर निम्मे काम तरी अडत नाही.

कोरोनाच्या काळाने घरची बाजू उघडी केली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर अमरावती-अकोल्यातच पुन्हा टाळेबंदी आली. ज्या घरात एकच मोबाईल, तो बापाबरोबर कामावर जाई. तो संध्याकाळी आला की आधी मुलगा, मग मुलगी, तोवर रिचार्ज संपलेला. अनेक गावी शिक्षकांनी पारावर, समाजमंदिरात चार-चार मुले बसवून शिकवले. आपल्या अभ्यासिकेत एक संगणक व एक इंटरनेट जोडणी असावी आणि मुलींसाठी त्यावर राखीव वेळ असावी, ही सूचना त्यातूनच आली आहे.

आता सभासदांसाठी. कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती आहे. तिचे पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्यापैकी कितीजण त्या बैठकीला जातात? गेल्यास टी.व्ही. किती इंची आहे हे विचारू नये. वीजबिल कोण भरतो, यंत्र बिघडले तर दुरुस्तीचा खर्च कोणत्या पैशातून होतो, प्रभारी गुरुजींचे माहिती भरण्याचे काम गावातील एखादा पदवीधर तरुण आठवड्यातून दोन तास हलके करू शकेल काय, हे विचारावे. आणि सोमवारी ज्या मुलांनी ३५ लिहिले होते, त्यांपैकी कितीजणांचे शुक्रवारी २५ झाले, याची नोंद कोणत्या वहीत आहे, ती वही पाहायला मागावी.