डोंगरावरचा तलाव, गळ आणि बेडूक

तलाव म्हटला की त्यात मासे असायचेच, असे आपल्याला वाटते. पण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेव्हाडा नावाची पर्वतरांग आहे. तिच्या माथ्यावरच्या हजारो तलावांपैकी बहुतेकांत दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी एकही मासा नव्हता. असे का बरे?

हे तलाव हिमनद्यांनी कोरलेले आहेत. बर्फ वितळल्यावर त्यांत पाणी साठले, पण खालच्या नद्यांतील मासे तिथवर पोहोचू शकले नाहीत. वाटेत उंच धबधबे होते! बेडकाला मात्र धबधब्याची अडचण नाही. तो जमिनीवरूनही जातो. म्हणून या तलावांत पिवळ्या पायांचे बेडूक सुखाने नांदत होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हौशी मासेमारांसाठी तेथे ट्राऊट मासे सोडण्यास सुरुवात झाली. डब्यांत पिल्ले भरून ती खेचरांच्या पाठीवरून वर नेत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून तर विमानातूनच पिल्ले तलावात टाकू लागले. ट्राऊटला थंड पाणी मानवते, कारण थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. ३० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ७.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर १० अंशांना सुमारे ११.३ मिलिग्रॅम. मासे वाढले आणि गळ टाकणाऱ्यांची चंगळ झाली.

बेडकांचे मात्र हाल झाले. याचे कारण समजून घेऊ. या थंड प्रदेशात बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांना, म्हणजे डिंभांना, पूर्ण वाढण्यास दोन ते चार वर्षे लागतात. तेवढे हिवाळे त्यांना पाण्यातच काढावे लागतात. उथळ डबके तळापर्यंत गोठते. खोल तलावात मात्र बर्फ फक्त वर राहतो. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते. ते तळाशी बसते आणि गोठत नाही. म्हणजे डिंभांना खोल तलावच हवा. आणि ट्राऊटलाही नेमका तोच हवा! डिंभांना पळून जाण्यास दुसरी जागा उरली नाही.

गोष्ट येथेच थांबली नाही. बेडूक घटले तसे त्यांच्यावर जगणारे सापही घटले. ट्राऊट मेफ्लाय कीटकांच्या पाण्यातील अळ्या खातात. त्यामुळे पाण्याबाहेर उडणारे कीटक कमी झाले आणि ते टिपणारे रोझी फिंच पक्षी बिनमाशांच्या तलावांवरच अधिक दिसू लागले. तलावात टाकलेल्या माशाचा परिणाम आकाशातल्या पक्ष्यापर्यंत पोहोचला!

परंतु दोष खरोखर माशांचाच, हे सिद्ध कसे करायचे? व्हान्स व्रेडनबर्ग या शास्त्रज्ञाने १९९६ ते २००३ या काळात ५ तलावांतून जाळ्यांनी ट्राऊट काढून टाकले. शेजारच्या काही तलावांत मासे तसेच राहू दिले. मासे काढलेल्या तलावांत बेडकांची संख्या झपाट्याने वाढली. इतरत्र वाढली नाही. दोन्ही प्रकारचे तलाव एकाच हवामानात होते. तेव्हा फरक माशांमुळेच पडला, असे म्हणता येते. अशा तुलनेशिवाय प्रयोग पुरा होत नाही, हे ध्यानात ठेवा.

बेडकांवर कायट्रिड बुरशीच्या रोगाचेही संकट आले. २०१४ मध्ये त्यांची नोंद धोक्यातील प्राण्यांत झाली. तरीही योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात १९९१ मध्ये मासे सोडणे बंद झाल्यावर बेडूक पुन्हा वाढू लागल्याचे आढळले. मासेमारीचा छंदही संपलेला नाही. निवडक तलावच बेडकांसाठी मोकळे केले आहेत. इतर अनेक तलावांत परवाना घेऊन आजही गळ टाकता येतो.

विचार करा :
१. मासे सोडायचेच असतील, तर बेडकांना कमीत कमी उपद्रव होईल असा तलाव तुम्ही कसा निवडाल?
२. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्याकडे टाक्यांत व हौदांत गप्पी मासे सोडतात. तेच मासे बेडूक असलेल्या नैसर्गिक डबक्यात सोडावेत काय? वर्गात चर्चा करा.