‘पडले’ म्हणजे कोण पडले?

मंडळी, आमच्या शनिवारच्या मराठी वर्गात एका मुलीने सांगितलेली ही हकिगत. पुण्याहून आजीचा फोन आला. आई-बाबा घरी नव्हते. आजी म्हणाली, “काल न्हाणीघरात पडले गं. आईला सांग हं.” मुलीने चोख निरोप दिला, “आजीच्या बाथरूममध्ये काहीतरी पडलं.” आजी स्वतः पडली होती आणि तिच्या मनगटाला प्लॅस्टर होतं, हे घरात चार दिवसांनी कळलं.

मुलीला वाक्यातले सगळे शब्द येत होते. ती अडली ती न बोललेल्या शब्दापाशी. तो शब्द म्हणजे ‘मी’.

आपली मुलं दिवसभर इंग्रजीत वावरतात. तिथे कर्ता सहसा सांगावाच लागतो. पाऊस पडत असला तरी नावापुरतं एक ‘इट’ वाक्याच्या सुरुवातीला बसवतात. आपण नुसतं ‘उजाडलं’, ‘उकडतंय’, ‘मळमळतंय’ म्हणतो आणि वाक्य पुरं होतं. व्याकरणात अशा क्रियापदांना भावकर्तृक म्हणतात. बाकीच्या वाक्यांतही कर्ता ओळखता येत असेल तर आपण तो खुशाल गाळतो, कारण त्याची खूण क्रियापदावर असते. ‘आलो’ म्हटलं की मी किंवा आम्ही, ‘आलास’ म्हटलं की तू, ‘आलात’ म्हटलं की तुम्ही.

इथल्या मुलांच्या कानावर सिनेमातली हिंदी आणि शाळासोबत्यांची उर्दू पडते. त्या भाषाही कर्ता गाळतात, पण भूतकाळात त्यांच्या क्रियापदाकडून इतकी माहिती मिळत नाही. ‘गिर गई’ यातून पडणारी बाई आहे एवढंच कळतं. मैं, तू की वह, ते संदर्भावरून ठरवायचं. मराठीत ‘पडलीस’, ‘पडली’ आणि ‘पडले’ असे वेगळे शब्द आहेत. तरी ‘पडले’ फसवं आहेच. बाई स्वतःबद्दल ‘पडले’ म्हणते, आजोबांबद्दल आदराने ‘पडले’ म्हणतात आणि दोरीवरचे कपडेही ‘पडले’च!

मग आपल्याला कसं कळतं? एक साधी खूणगाठ सांगतो. आधी दुसऱ्या कोणाचा विषय निघालेला नसेल, तर कर्ता नसलेलं विधान बहुधा बोलणाऱ्याबद्दल असतं आणि कर्ता नसलेला प्रश्न ऐकणाऱ्याबद्दल. हिंदी-उर्दूतही तसंच. ‘खाना खाया?’ म्हणजे तुम्ही, आणि ‘खाया’ हे उत्तर म्हणजे मी. आजीने आजोबांचं नाव काढलंच नव्हतं. म्हणजे पडली ती आजीच.

कर्माचीही हीच तऱ्हा. ‘घेतला का?’ विचारलं तर चहा असेल, ‘घेतली का?’ म्हणजे गोळी, ‘घेतलं का?’ म्हणजे औषध. वस्तूचं नाव घेतलं नाही तरी तिचं लिंग क्रियापदावर उमटतं. हिंदी-उर्दूत दोनच लिंगं, आपल्याकडे तीन, म्हणून अंदाज बांधायला आपल्याला थोडी जास्त मदत. लिंग चुकलं, तर मात्र गाळलेली वस्तू हरवलीच म्हणून समजा.

आता उलट बाजू. आमची मुलं बोलतात, “मी उठलो, मी दात घासले, मी शाळेत गेलो.” व्याकरण बरोबर आहे, पण कानाला ते ‘मी, मी’ टोचतं. जिथे कर्ता सहज गाळता येतो तिथे तो मुद्दाम उच्चारला, तर त्यावर जोर पडतो. ‘आणलं’ म्हणजे आणलं. ‘मी आणलं’ म्हणजे दुसऱ्या कोणी नाही. म्हणून “कोणी आणलं?” या प्रश्नाला मात्र ‘मी’ हवाच.

या गाळण्यात आपला शिष्टाचारही आहे. नव्या पाहुण्यांना ‘तू’ म्हणावं की ‘तुम्ही’, असा पेच पडला की आपण हळूच विचारतो, “जेवण झालं?” कोणाचं, ते सांगायलाच नको!

लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ साली सुरू झालं. तेव्हापासून या देशात मराठी घरांच्या पिढ्या वाढल्या. पुस्तकातून शब्द शिकवता येतात. न बोललेलं ऐकायला मात्र माणसांत बसावं लागतं. आपल्या देणगीतून चालणाऱ्या वर्गात आम्ही तेच करतो. गप्पा मारतो.

घरी करून बघा. आज जेवताना मुलांना विचारा, “आवडली का?” ताटात भाजी, कोशिंबीर, वरण आणि भात असू द्या. कशाबद्दल विचारलं, ते मुलांनी ओळखायचं. (उत्तरं दोन आहेत!) आणि आजीचा फोन आला की मुलांना एक प्रश्न जरूर शिकवा, “कोण गं आजी? तू?”