भूकालाची बाराखडी

भूगर्भशास्त्राच्या अभ्यासास आरंभ करतांच विद्यार्थ्यांस धास्ती वाटते ती कालखंडांच्या परक्या नांवांची. घोकंपट्टीनें तीं परीक्षेपुरतीं ध्यानांत राहतात व सुटींत विसरून जातात. नांवें गेलीं कीं त्यांबरोबर पृथ्वीचा इतिहासही जातो. म्हणून तीं टिकविण्याच्या दोन युक्त्या आम्ही येथें देत आहों.

मुख्य कालखंड बारा आहेत. पुराजीव महाकल्पांत कँब्रियन, ऑर्डोव्हिशियन, सिल्युरियन, डेव्होनियन, कार्बॉनिफेरस व पर्मियन हे सहा. मध्यजीव महाकल्पांत ट्रायासिक, जुरासिक व क्रिटेशस हे तीन. आणि नवजीव महाकल्पांत पॅलिओजीन, निओजीन व क्वाटर्नरी हे तीन. त्यांच्या आद्याक्षरांवरून आम्ही पुढील वाक्य योजिलें आहे:

कोकणांतील ओहोळ सारे डोंगरकपारींतून कोसळत पळती. टेकडीवर जांभा, कातळ. पुढें नारळी, किनारा.

यांत ‘क’ चार वेळां व ‘प’ दोन वेळां येतो. तेथें घोटाळ्याचा संभव आहे. यास्तव त्या शब्दांस अर्थाची गांठ मारावी. पहिला ‘क’ आरंभाचा, म्हणून तो कँब्रियन. ‘कोसळत’ म्हणतांच दलदलींत कोसळून गाडलीं गेलेलीं अरण्यें व त्यांचा झालेला दगडी कोळसा आठवावा, तो कार्बॉनिफेरस. (आपल्या चंद्रपुराकडील कोळसा मात्र त्यानंतरच्या पर्मियन कालांतील आहे.) ‘पळती’ हा पर्मियन, त्याच्या अखेरीस बहुतेक सागरी जीवजाती पृथ्वीवरून जणूं पळाल्या. ‘कातळ’ म्हणजे क्रिटेशस. याच्या अखेरीस, सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं, लाव्हाचे थरांवर थर पसरून दख्खनचा काळा पाषाण बनला. घारापुरी व कुडे येथील लेणीं याच पाषाणांत कोरलेलीं आहेत. ‘पुढें’ हा नव्या महाकल्पाचा प्रारंभ, म्हणजे पॅलिओजीन. आणि ‘किनारा’ क्वाटर्नरी, कारण अलिबाग-मुरूडची वाळू त्याच अलीकडील कालांतली.

‘जांभा’ या शब्दानें मात्र फसूं नये. माथेरानच्या माथ्यावरील जांभा जुरासिक नव्हे. काळ्या पाषाणाची झीज होऊन तो मागाहून झाला. वाक्य क्रम सांगतें. अर्थ आपण जोडावयाचा असतो.

दुसरी युक्ति कालाच्या मापाची. पृथ्वीचें वय सुमारें ४५४ कोटी वर्षें. तें एका वर्षांत बसविलें अशी कल्पना करा. मग १ जानेवारीस पृथ्वी जन्मली, तर कँब्रियन काल थेट १८ नोव्हेंबरास उजाडतो. पर्मियन ११ डिसेंबरास संपतो. नाताळच्या दुसऱ्या दिवशीं, २६ डिसेंबरास, क्रिटेशस संपतो. आपला कातळ त्याच सुमाराचा. क्वाटर्नरीचा आरंभ ३१ डिसेंबरच्या सायंकाळीं सातच्या सुमारास होतो! मानवाचा सारा लिखित इतिहास तर मध्यरात्रीपूर्वीच्या अखेरच्या मिनिटांतच मावतो.

वाक्य पाठ झाल्यावर तें वहींत खालून वर लिहावें. कारण थरांची उलथापालथ झालेली नसेल तेथें जुना थर खालीं व नवा वर असतो. पालकांसही आमची विनंति आहे कीं, ओहोटीच्या वेळीं मुलांस घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे चालत जावें, पायांखालील वाळू व खडक दाखवावा आणि विचारावें, “यांतील ‘किनारा’ कोणता व ‘कातळ’ कोणता?” उत्तर बिनचूक आलें, तर ती बाराखडी पुन्हा विसरावयाची नाहीं.